दुबार कात्रण

किह्नू बेटावरची पोती येतात
ऑक्टोबरातल्या दुसऱ्या बोटीने.
चिठ्ठ्या बांधलेल्या असतात, मी वाचत नाही.
कोणाचं पोतं ते लोकरीतला कचराच सांगतो.
ज्युनिपरचे काटे निघाले की उत्तरेच्या टोकावरची आलमा,
तिची मेंढरं कुंपण जुमानत नाहीत.
वाळलेलं शेवाळ, एखादा खवला:
साल्मे, आणि तिचा अंगणात जाळी झटकणारा मुलगा.
एकदा एका पोत्यातून दात निघाला, दुधाचा.
तो मी पाकिटात घालून परत पाठवला.

अलीकडच्या किनाऱ्यावर माझं पिंजणयंत्र.
आजोबांनी घेतलं तेव्हाच त्याचे काटे झिजलेले.
परदेशी मऊ लोकर ते मुकाट गिळतं,
गुरगुरतं फक्त या बेटाच्या लोकरीला,
आखूड, राठ, आत मऊ नि वर केसाळ,
मिठाचा अन् मेंढीच्या मेणाचा वास धरून बसलेली.
शहरातला व्यापारी म्हणाला, हिला भाव नाही,
गादीत भरा, नाहीतर जाळा.
लोकर धड जळत नाही. चिडते, वळते, वास सोडते.
त्याला एवढंही माहीत नव्हतं.

माइमूचं पोतं मी सगळ्यांत शेवटी घ्यायचो,
कंटाळ्याने, खरं सांगतो.
तिचा नवरा ओस्कार कातरायला बसला की
एका जागी दोनदा कातर चालवी,
एकदा वरून, मग चूक लपवायला खालून.
त्या दुसऱ्या फेऱ्याचे पेराएवढेही नसलेले तुकडे
पेळूत गाठी होऊन बसत, सुताला फोड येत.
एकवीस वर्षं मी ते चाळणीवर झटकले,
एकवीस वर्षं त्याला शिव्या घातल्या.
तोंड कधी पाहिलं नाही.

तीन वर्षांमागे तिचं पोतं उघडलं.
झटकलं. पुन्हा झटकलं.
खाली काहीच पडेना.
लांब, सरळ, एकसारखी लोकर,
कुणा शहाण्या हाताने कातरलेली.
मी यंत्र बंद केलं,
आणि पहिल्यांदाच चिठ्ठी वाचली:
‘फक्त काळ्या मेंढ्यांची आहे. दुसऱ्या कुणाची मिसळू नका.’

तिथल्या बायका घागरा स्वतः विणतात, उभ्या पट्ट्यांचा.
लाल म्हणजे घरात सगळं ठीक.
कोणी गेलं की लाल आधी जातं.
मग वर्षं जातात, आणि एखाद्या हिवाळ्यात
मंजिष्ठेच्या मुळांचं भांडं चुलीवर चढतं,
काळ्या-निळ्याच्या मधे एक रेघ परत येते, दोऱ्याएवढी.
लाल चढतो तो पांढऱ्यावरच.
हे कोणी जाहीर करत नाही,
चर्चच्या वाटेवर मागून चालणाऱ्यांना दिसतं.

मला दिसत नाही, मी इकडे.
मला दिसतात ती वजनं.
त्या वर्षी काळी साडेचार किलो, पांढरी शून्य.
पुढच्या वर्षी तेच.
गेल्या वर्षी पांढरी, पाव किलो,
चिठ्ठीत कारण नाही. मी विचारलं नाही.
ती पाव किलो दोनदा पिंजली, पट्टा सैल करून, हळू,
आणि पैसे लावायला विसरलो.

यंदाचं पोतं काल आलं.
चाळणीवर धरलं तर झुरमुर झुरमुर खाली.
दुबार कात्रण, जिकडेतिकडे,
ओस्कारपेक्षा वाईट; एका झुपक्यावर रक्ताचा ठिपका,
मेंढीचा की कातरणाऱ्याचा, देव जाणे.
चिठ्ठीत: ‘नातू शिकतोय. बारा वर्षांचा आहे. माफ करा.’

दुपार गेली झटकण्यात.
शिव्या घातल्या, मोठ्याने, नावही ठाऊक नसलेल्या पोराला.
हाताखालचा एंडेल दारातून डोकावला: काय झालं?
काही नाही म्हटलं, कॉफी टाक.

खाली पडलेलं झाडून फेकायचं असतं.
एका डब्यात भरून ठेवलंय.